साळूचं सातवं पीस

आफ्रिकेत एका मोठ्या तळ्याकाठी तांबड्या मातीची एक टेकडी होती आणि त्या टेकडीवर प्राण्यांनी आपलं शहर वसवलं होतं. त्या शहरात, टेकडीच्या बरोबर मध्यावर, एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, बरं का बालमित्रांनो! अंगभर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे काटे असतात ना, तीच. साळिंदराचं घर अख्ख्या शहरात हे एवढं एकच होतं.

ही साळू भारी टापटिपीची. तिला झाडू लागत नसे. शेपटीचे काटे जमिनीला टेकवून ती खर्र खर्र करत अंगणभर फिरायची, की तांबडी माती अशी लखलखीत व्हायची की तिथं पाय ठेवायला पाहुणा बिचकावा. मग केळीची सालं, शेंगांची टरफलं, उंबराची पानं, स्वतःचे गळलेले जुने काटे, सगळा ढीग ती मागच्या कुंपणापर्यंत लोटत न्यायची. कुंपणात एक भोक होतं. त्यातून सगळं पलीकडे ढकललं की पंजे झटकून म्हणायची, "गेली ब्याद!"

आता पलीकडे काय होतं? पलीकडे एक घळ होती. टेकडीच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ उतरत जाणारी. घळीच्या तोंडाशी एक झरा होता आणि सारं शहर त्याच झऱ्याचं पाणी पीत असे. पण झऱ्याला जायची वाट पुढून, मोठ्या रस्त्यानं. घळीत कोण कशाला उतरतंय? साळूनं तर जन्मात कुंपणापलीकडे डोकावून पाहिलं नव्हतं. आणि साळूच कशाला, वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत प्रत्येकाच्या कुंपणाला असंच एक भोक होतं. शेजारची माकडीण तर माणसांच्या शहरातल्या बाजारातून केळी आणायची, ऊस आणायची, भुईमूग आणायची, आणि ज्या पातळ पिशव्यांतून आणायची त्या पिशव्याही चुरगाळून घळीत भिरकवायची.

या शहराची एक जुनी रीत होती. दरवर्षी उंबर पिकला, की शहरातली सगळ्यांत वडीलधारी हत्तीणआजी घरोघर फिरून अंगणं पाहायची. ज्याचं अंगण सगळ्यांत स्वच्छ, त्याच्या दारात शहामृगाचं एक पांढरंशुभ्र पीस रोवायची. आणि ज्याच्या दारात सात पिसं होतील, त्याच्या अंगणात पुढे कायमची शहराची बैठक भरायची. साळूच्या दारात सहा पिसं होती. सहा! कुणी येणाजाणारा दिसला, की ती उगीचच त्या पिसांवरची नसलेली धूळ फुंकायची. सातव्या पिसासाठी तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. हत्तीणआजी आपल्या उंबराखाली बसलीय, झेब्रे, जिराफ, तरस सगळे गोल करून बसलेत आणि आपण मध्ये उभं राहून "या, बसा" म्हणतोय, हे चित्र तिनं मनात इतक्यांदा पाहिलं होतं, की कोण कुठं बसणार तेसुद्धा ठरून गेलं होतं.

त्या बैठकीत एकाला मात्र जागा नव्हती. तो म्हणजे घळीतला टकला करकोचा. डोक्यावर एक केस नाही, गळ्याला लोंबती पिशवी, अंगाला घाणीचा वास. दिवस उजाडला की तो घळीत उतरायचा. खाण्यासारखं असेल ते खायचा आणि उरलेलं चोचीत धरून दूरच्या खड्ड्यात नेऊन टाकायचा. हे काम त्याला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. त्याचा बाप करायचा, म्हणून तो करायचा. कधी साळूच्या दारावरून जायची वेळ आली, तर ती आतूनच ओरडायची, "अहो, लांबून! लांबून जा! आत्ताच झाडलंय." आणि तो बिचारा लांबून जायचा.

त्या वर्षी उंबर पिकायला लागला आणि साळूच्या अंगणात एक विचित्र वास येऊ लागला. पहिल्या दिवशी तिला वाटलं, शेजारचा असेल. दुसऱ्या दिवशी तिनं अंगण दोनदा झाडलं. तिसऱ्या दिवशी तीनदा झाडलं, तरी वास हटेना. हत्तीणआजी यायला उरले होते तीन दिवस, आणि आजीचं नाक केवढं लांब, हे मी तुम्हाला सांगायला नको!

"हे त्या करकोच्याचं काम!" रस्त्यानं जाणारा तरस हसत हसत म्हणाला. "आठ-दहा दिवस बघतोय मी वरून. एका पायावर उभा राहून नुसता झोपा काढतोय. सुखी जीव!"

झालं! साळूच्या अंगावरचे सगळे काटे ताठ उभे राहिले. "थांब, चांगली हजेरी घेते त्याची!" असं म्हणून ती तरातरा निघाली. पुढून गेलं तर सगळ्यांना दिसेल, म्हणून ती कुंपणाच्या भोकातून मागे उतरली. आयुष्यात पहिल्यांदाच.

उतरली आणि पोटापर्यंत खचकन आत गेली.

अरे देवा! काय ती घळ! केळीची सालं कुजून काळी पडलेली, त्यावर टरफलं, त्यावर हाडकं, त्यावर पातळ पिशव्या फुगून बसलेल्या. पाण्याला वाहायला वाटच नव्हती. ते साचून हिरवट झालं होतं आणि त्यातून एक पिवळी धार गुपचूप खाली झऱ्याच्या दिशेनं चालली होती. साळूनं नाक दाबलं. मग डोळेही मिटावेसे वाटले, पण मिटले तर पडेल, म्हणून ती तशीच घसरत खाली गेली.

करकोचा एका दगडावर उभा होता. एका पायावर.

"काय हो करकोचेबुवा," साळू फणकारली, "काम करायला काय धाड भरलीय? तीन दिवसांवर पाहणी आलीय, माझ्या अंगणात वास मारतोय, आणि तुम्ही इथं एका पायावर आराम करताय?"

"साळूबाई," करकोचा हळूच म्हणाला, "करकोचा एका पायावर उभा असला, की सगळ्यांना आरामच वाटतो. दहा दिवस झाले, एकानंही विचारलं नाही, की बाबा, दुसरा पाय का टेकत नाहीस?"

त्यानं पोटाखालचा पाय पुढे केला. तो सुजून टम्म झाला होता. आणि तळव्यात रुतून बसला होता एक काटा. वीतभर लांब. काळा, पांढरा, काळा, पांढरा, पट्ट्यापट्ट्यांचा.

साळूच्या तोंडचं पाणी पळालं. हा काटा बाभळीचा म्हणावा, तर बाभळीला पट्टे नसतात. शहरात साळिंदराचं घर एकच. अंगण झाडता झाडता गळलेला जुना काटा केळीच्या सालीखाली दडून बसला असेल आणि यानं पाय टाकला असेल.

"तुम्हाला... तुम्हाला ठाऊक होतं, कुणाचा आहे ते?" तिनं विचारलं.

"दिसतोयच की."

"मग सांगितलं का नाहीत कुणाला?"

"कुणाला सांगू?" करकोचा म्हणाला. "घळीत येतं कोण? आणि वर गेलो तर तुम्ही म्हणता, लांबून जा."

साळू त्याच्या पायाशी बसली. तिनं मान खाली घातली, काटा दातांत धरला आणि डोळे मिटून एका झटक्यात उपसला. करकोच्यानं "आई गं!" म्हणून चोच आपटली, पण पाय मागे घेतला नाही. झऱ्याच्या उगमाशी थोडं स्वच्छ पाणी होतं, तिथं साळूनं तो पाय धुतला. "पंधरा दिवस तरी टेकता यायचा नाही हा," ती म्हणाली. तो काटा तिनं तोंडात धरला आणि घरी गेली.

घरी आली आणि काटा उंबराच्या ढोलीत लपवला. हो, लपवला! मी तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तिच्या मनात आलं, करकोचा बोलणार नाही, आपणही बोलायचं नाही. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. कुंपणाच्या भोकाशी सुगंधी गवत लावू, वास दबेल, पीस मिळेल, मग बघू काय ते.

तेवढ्यात उंबराचं एक पिवळं पान टपकन अंगणात पडलं. साळूनं सवयीनं ते उचललं, सवयीनं कुंपणाशी गेली, पान भोकातून ढकलणार, तोच तिचा पंजा थांबला. खाली तो एका पायावर उभा होता. ती मागे फिरली. पान दाराआड ठेवावं? छे, घरात कचरा! पुढे रस्त्यावर टाकावं? कुणी पाहिलं तर? ते एवढंसं पान घेऊन साळूनं अंगणाला तीन फेऱ्या मारल्या, आणि ते ठेवायला तिला शहरात कुठं जागा सापडेना. सहा पिसं मिळवणाऱ्या साळूला एक पान कुठं टाकायचं ते ठाऊक नव्हतं! ती मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, ते पान घेतलं आणि पुन्हा घळीत उतरली.

"करकोचेबुवा," ती म्हणाली, "तुम्ही दगडावरून हलू नका. नुसतं सांगा, काय कुठं न्यायचं. शेपूट माझी, अक्कल तुमची."

दोन दिवस साळू खपली. करकोचा सांगायचा, "सालं त्या बाजूला, रानडुकराचं कुटुंब आनंदानं खाईल. शेण शेणकिड्यांना. हाडकं वेगळी. पिशव्या पाण्याच्या वाटेत राहू देऊ नका, त्याच पाणी अडवतात." साळू ओढायची, लोटायची, ढकलायची. पण गंमत बघा, खालून ती हातभर जागा मोकळी करायची आणि वरून हातभर कचरा येऊन पडायचा. प्रत्येक कुंपणापलीकडून आवाज यायचा, "गेली ब्याद!" आपले शब्द दुसऱ्यांच्या तोंडून ऐकताना साळूला कसंसंच व्हायचं.

तिसरा दिवस पाहणीचा. साळू सकाळीच घळीत उतरली होती. आजी येण्याआधी घरी जाऊन अंगण झाडायचं, असा तिचा बेत होता. दोन दिवसांत अंगणात पानांचा थर साचला होता. एवढ्यात वरून माकडिणीनं टोपलीभर कचरा ओतला आणि तो थेट साळूच्या पाठीवर आला. काट्याकाट्यावर केळीचं साल टोचलं गेलं. एका काट्यावर उसाचं चिपाड, शेपटीला फडफडणारी पिशवी.

"अगं माकडीणबाई!" साळू खालून किंचाळली. "खाली मी आहे!"

कुंपणावरून माकडिणीचं तोंड डोकावलं. "साळूताई? तुम्ही घळीत? आणि ते काय घातलंय अंगावर?" आणि ती खो खो हसत सुटली.

"हस, हस! आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला!" साळू म्हणाली. "तुझ्या लेकराचं पोट चार दिवस दुखतंय ना? उन्हानं दुखतंय म्हणतेस ना? ये खाली आणि बघ, झऱ्याला काय जाऊन मिळतंय ते!"

माकडिणीचं हसू तिथंच थांबलं.

इतक्यात मोठ्या रस्त्यावर गलका झाला. हत्तीणआजी निघाली होती. मागे सगळं शहर. साळूनं वर पाहिलं. पळत गेलं, तर अंग धुवून उभं राहता आलं असतं. अंगण तरी घाईघाईनं झाडता आलं असतं. क्षणभर ती तशी धावलीसुद्धा. पण उंबराशी पोचल्यावर तिनं ढोलीतला तो काटा काढला, दातांत धरला आणि होती तश्शी रस्त्यात जाऊन उभी राहिली.

आधी कुणाला कळेचना, हे काय उभं आहे. मग तरस ओरडला, "अरे, ही तर साळू! उकिरडा चालत आला की काय!" आणि हशा पिकला.

साळूनं काटा आजीच्या पायाशी ठेवला. "आजी," ती म्हणाली, "हा माझा काटा. मी कचऱ्याबरोबर घळीत टाकला आणि तो करकोचेबुवांच्या पायात गेला. ते आळशी नाहीत, पंगू झालेत. ते एकटे आपल्या सगळ्यांची घाण उपसत होते, म्हणून आपण स्वच्छ दिसत होतो. तुम्ही अंगण बघायला आलात ना? बघा. पण यंदा पुढच्या दारानं नको. मागच्या कुंपणाकडून चला."

आजी वळली आणि साळूच्या मागोमाग कुंपणापाशी गेली. तिचा देह काही घळीत मावणारा नव्हता. तिनं कुंपणावरून नुसती सोंड खाली सोडली आणि झटकन वर घेतली.

"सहा वर्षं मी पुढच्या दारानं आले आणि पुढच्याच दारानं गेले," ती म्हणाली. "चूक एकट्या साळूची नाही, माझीही आहे. हे पीस मी आज कुणाच्याच दारात रोवणार नाही. झऱ्याचं पाणी नितळ होईल, त्या दिवशी परत येईन."

सगळ्यांत आधी घळीत उतरली ती माकडीण. लेकराच्या पोटदुखीनं तिचा ताठा पार उतरवला होता. माणसांकडून आणलेल्या पिशव्या तिनं एकेक करून वेचल्या, धुतल्या आणि पुन्हा बाजाराला जाताना त्याच काखोटीला मारल्या. मग तरस आला. "हाडकं माझ्याकडे," तो मान खाली घालून म्हणाला, "आणि बुवा, तुमच्यामागे मी तुम्हाला सुखी जीव म्हणालो होतो, माफ करा." रानडुकरं आली, शेणकिड्यांची तर रांगच लागली. करकोचा दगडावरून मुकादमासारखा चोच हलवून सांगत होता आणि पहिल्यांदाच सगळं शहर त्याचं ऐकत होतं. वादही झाले, बरं! वरच्या आळीतले दोघे-तिघे तिसऱ्याच दिवशी दमून घरी बसले, पुन्हा बोलावून आणावे लागले. कुंपणांची भोकं बुजवली आणि प्रत्येक घरातून खाली उतरायला पायवाट केली.

पंधरा दिवस गेले, वीस गेले. एका सकाळी माकडिणीचं पोर झऱ्यावर वाकलं आणि ओरडलं, "आई, तळातले खडे दिसतायत!"

हत्तीणआजी आली. सोंडेत शहामृगाचं पीस होतं. "साळू," ती म्हणाली, "सातवं पीस तुझंच. कुठं रोवू, तूच सांग."

साळूनं आपल्या अंगणाकडे पाहिलं. उंबराची सावली, दारातली सहा पिसं. बैठकीत कोण कुठं बसणार, ते अजून तिला तोंडपाठ होतं. तिनं एका पिसावरची नसलेली धूळ फुंकली.

"आजी," ती म्हणाली, "खाली झऱ्याच्या बाजूनं घळीच्या तोंडाशी तुम्हाला येता येतं. पण तिथं तुम्ही कधी पाहायला आला नाहीत. तिथं रोवा. जिथं सातवं पीस, तिथं बैठक, ही आपली रीतच आहे. म्हणजे पाणी भरून परत फिरणाऱ्यांनाही बैठकीच्या निमित्तानं तरी घळीकडे बघावं लागेल."

आजी हसली, इतकी की तिचे कान हलले. तिनं घळीच्या तोंडाशी, झऱ्याजवळ ते पीस रोवलं. शेजारी साळूनं आपला तो पट्टेरी काटा रोवला. तेव्हापासून शहराची बैठक तिथंच भरते. हत्तीणआजीच्या उजव्या हाताला, अगदी जवळची जागा असते टकल्या करकोच्याची. त्याचा पाय आता ठणठणीत आहे. पण करकोचाच तो, एका पायावर उभं राहायची सवय थोडीच जाणार? फरक एवढाच, की आता तो तसा उभा दिसला, की येणारा-जाणारा थांबतो आणि विचारतो, "काय बुवा, आराम की काटा?"

"आराम, आराम!" करकोचा म्हणतो. आणि हा प्रश्न रोज सगळ्यांत आधी विचारते, ती आपली साळू.

तात्पर्य : कुंपणापलीकडे ढकललेला कचरा नाहीसा होत नाही, तो कुणाच्या तरी पायाखाली आणि शेवटी आपल्याच पाण्यात येतो, म्हणून अंगण झाडणाऱ्यानं घळीतही उतरावं आणि तिथं राबणाऱ्याची विचारपूस करावी.